मॅट्रिक्सच्या आधी बाण काढ: ट्रान्झिशन मॅट्रिक्सची गणितं कशी सोडवायची

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. बारावी झाली, आता बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलंय. तिचा मामेभाऊ पुण्यात आयबी बोर्डाच्या शाळेत शिकतो. सुट्टीत तो गावी आला तेव्हा तिने त्याची वही पाहिली. ती लिहिते: "मॅडम, मॅट्रिक्सचा गुणाकार मला येतो. पण त्याच्या वहीत प्रत्येक कॉलमची बेरीज १ आहे आणि माझ्या पुस्तकात प्रत्येक ओळीची. कोणाचं बरोबर? दुसरं म्हणजे स्थिर स्थिती काढायला गेले की दोन्ही समीकरणं एकच निघतात आणि शेवटी ० = ० येतं. तिसरं, शाब्दिक उदाहरण आलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही."

बेटा, तुझा तिसरा प्रश्न मी आधी घेते. तो सुटला की पहिल्या दोन प्रश्नांत फारसं काही उरत नाही. मी वरुडकडे कनिष्ठ महाविद्यालयात २६ वर्षं गणित शिकवतेय. आपल्या बोर्डाच्या बारावी सायन्सला मॅट्रिक्स आहे, संभाव्यता आहे, पण या दोघांची गाठ घालून देणारा मार्कोव्ह साखळीचा, म्हणजे एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत ठरलेल्या संभाव्यतेने जाण्याच्या गणिताचा धडा नाही. म्हणून आपली मुलं बीएस्सीला जातात तेव्हा त्यांचा हात गुणाकारावर बसलेला असतो, पण तो गुणाकार कशाचा चालला आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. अडचण तुझ्या डोक्यात नाही, शिकवण्याच्या क्रमात आहे.

तर मॅट्रिक्स बाजूला ठेव आणि कोऱ्या कागदावर दोन गोल काढ.

समज, एका गावात २०० शेतकरी आहेत. खरिपात मुख्य पीक म्हणून प्रत्येक जण एक तर पऱ्हाटी (कपाशी) लावतो नाहीतर सोयाबीन पेरतो. तूर दोन्हीकडे आंतरपीक म्हणून असतेच, ती सोडून देऊ. यंदा ज्यांनी पऱ्हाटी लावली त्यांच्यातले ७० टक्के पुढच्या वर्षीही पऱ्हाटीच लावतात, ३० टक्के सोयाबीनकडे वळतात. सोयाबीनवाल्यांपैकी ६० टक्के सोयाबीनवरच राहतात, ४० टक्के पऱ्हाटीकडे येतात. यंदा १४० जणांकडे पऱ्हाटी आहे आणि ६० जणांकडे सोयाबीन. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, कुठल्या पाहणीतले नाहीत.

एका गोलात पऱ्हाटी लिही, दुसऱ्यात सोयाबीन. पऱ्हाटीतून सोयाबीनकडे बाण काढ, त्यावर ०.३ लिही. सोयाबीनकडून पऱ्हाटीकडे बाण, त्यावर ०.४. पऱ्हाटीतून निघून पऱ्हाटीतच परत येणारा वळसा, ०.७. सोयाबीनचा वळसा, ०.६. आता प्रत्येक गोलातून *बाहेर पडणारे* बाण मोज, वळसा धरून. बेरीज १ यायलाच हवी, कारण पुढच्या खरिपात प्रत्येक शेतकरी कुठल्या तरी गोलात असणारच. बेरीज १ येत नसेल तर एक गोल काढायचा राहून गेला आहे. गावात वावर पडीक ठेवणारे लोक असतील, तर त्यांच्यासाठी तिसरा गोल हवा. आत येणाऱ्या बाणांची बेरीज कितीही येऊ दे, तिच्याकडे पाहायचं नाही. इथे पऱ्हाटीकडे येणारे बाण ०.७ आणि ०.४ आहेत, म्हणजे १.१, आणि त्यात काही चूक नाही.

शाब्दिक उदाहरणात मुलं अडतात ती इथेच. "सोयाबीनवाल्यांपैकी ४० टक्के" हे शब्द वाचताना "पैकी"वर बोट ठेव. "पैकी"च्या आधी जे आहे तिथून बाण निघतो. "पुढच्या वर्षी पऱ्हाटी लावणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांकडे यंदा सोयाबीन होतं" असं वाक्य कोणी दिलं, तर शब्द जवळपास तेच आहेत, पण तो बाण नाही. तो उलटा हिशेब आहे आणि तो मॅट्रिक्समध्ये थेट घालता येत नाही. मी वर्गात ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते आणि पाच मिनिटं काहीच बोलत नाही. फरक ज्याचा त्याला दिसावा लागतो.

आता मॅट्रिक्सशिवाय पुढचं वर्ष काढ. १४० पऱ्हाटीवाल्यांतले ९८ राहिले, ४२ गेले. ६० सोयाबीनवाल्यांतले ३६ राहिले, २४ पऱ्हाटीकडे आले. म्हणजे पऱ्हाटी ९८ + २४ = १२२, सोयाबीन ४२ + ३६ = ७८. एकूण २००, एकही माणूस हरवला नाही. मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे हाच हिशेब, ठरलेल्या जागी मांडलेला.

ती मांडणी दोन प्रकारे होते आणि तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तुझ्या मामेभावाच्या वहीत "कुठून" हे वर लिहिलेलं असतं आणि "कुठे" हे डाव्या बाजूला:

यंदा पऱ्हाटी | यंदा सोयाबीन
पुढे पऱ्हाटी: ०.७ | ०.४
पुढे सोयाबीन: ०.३ | ०.६

एका गोलातून निघणारे सगळे बाण एका कॉलममध्ये आले, म्हणून कॉलमची बेरीज १. हाच ट्रान्झिशन मॅट्रिक्स, याला *म* म्हणू. यंदाची स्थिती, म्हणजे १४० आणि ६०, उभी एकाखाली एक लिहायची आणि म च्या *उजवीकडे* ठेवून गुणायची.

तुझ्या पुस्तकात "कुठून" हे डावीकडे लिहिलंय आणि "कुठे" हे वर. मग पहिली ओळ ०.७, ०.३ आणि दुसरी ०.४, ०.६ अशी होते, आणि बेरीज १ ओळीची येते. तिथे स्थिती आडवी लिहितात आणि मॅट्रिक्सच्या *डावीकडे* ठेवतात. एक मॅट्रिक्स दुसऱ्याचा ट्रान्सपोझ आहे, म्हणजे ओळींचे कॉलम केलेत. दोन्ही बरोबर आहेत. संख्याशास्त्राच्या पुस्तकांत ओळीची पद्धत जास्त दिसते, आयबीत कॉलमची शिकवतात. तुला ज्या परीक्षेला बसायचंय तिची धर आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. चूक होते ती एकाचा मॅट्रिक्स घेऊन दुसऱ्याच्या बाजूने गुणण्यात.

नोकरी लागली त्या सुरुवातीच्या वर्षांत हीच गल्लत माझ्याकडून झाली. मी उदाहरण घेतलं होतं ०.८, ०.२ आणि ०.२, ०.८ असं. त्यात ओळींची बेरीज १ आणि कॉलमचीही १, त्यामुळे कुठल्याही बाजूने गुणा, उत्तर बरोबरच येतं. आठवडाभर मी ते शिकवलं. मग परीक्षेत वेगळे आकडे आले आणि अर्ध्या वर्गाची एकूण संख्या २०० ऐवजी भलतीच निघाली. तेव्हापासून सरावाचं पहिलं उदाहरण मी असं सममित कधीच देत नाही. तूही घेऊ नको. आणि प्रत्येक पायरीनंतर एकूण बेरीज तपास. ती बदलली तर पुढे जाऊ नको, मागे जा.

दोन वर्षांनंतर काय, असं विचारलं की म चा वर्ग. इथे एक चूक मी दरवर्षी पाहते: ०.७ चा वर्ग ०.४९, ०.४ चा वर्ग ०.१६, असा प्रत्येक घराचा वेगवेगळा वर्ग करून टाकतात. म² च्या पहिल्या घरात खरं तर ०.६१ येतं. का, ते बाणांवरून दिसतं. पऱ्हाटीवाला दोन वर्षांनी पुन्हा पऱ्हाटीत सापडण्याचे दोन रस्ते आहेत. एक, दोन्ही वेळा पऱ्हाटीतच राहिला: ०.७ × ०.७ = ०.४९. दुसरा, मधलं एक वर्ष सोयाबीन पेरून परत आला: ०.३ × ०.४ = ०.१२. बेरीज ०.६१. ०.४९ लिहिणारा मुलगा परत येणाऱ्याला मोजायचं विसरला, एवढंच. उरलेली घरं ०.५२, ०.३९, ०.४८ अशी येतात, करून बघ. यावरून दोन वर्षांनी पऱ्हाटी ०.६१ × १४० + ०.५२ × ६० = ११६.६. ०.६ शेतकरी कसा असेल, असं विचारशील. हा सरासरीने अपेक्षित आकडा आहे. मध्येच ११७ करू नको, शेवटच्या ओळीपर्यंत दशांश तसाच ने.

आता स्थिर स्थिती. हा शब्द ऐकला की वाटतं, शेतकरी पीक बदलायचे थांबले. तसं मुळीच नाही. विहिरीला जेवढा झरा आहे तेवढंच मोटरने उपसलं, तर पाण्याची पातळी हलत नाही, पण आतलं पाणी कालचं नसतं. तसंच इथे. दरवर्षी माणसं इकडची तिकडे होतच राहतात, फक्त जेवढी पऱ्हाटीतून जातात तेवढीच सोयाबीनमधून येतात. हे वाक्य गणितात लिही: ०.३ प = ०.४ स. झालं समीकरण. प आणि स यांचं गुणोत्तर ४ : ३. एकूण २००, म्हणून प = ११४.२९ आणि स = ८५.७१.

तुझं ० = ० कुठून येतं, तेही आता बघ. म ने गुणून तीच स्थिती परत यावी, असं लिहिलं की पहिल्या ओळीतून −०.३ प + ०.४ स = ० मिळतं आणि दुसऱ्या ओळीतून ०.३ प − ०.४ स = ०. पहिलं समीकरण सांगतं की पऱ्हाटीचा गोल हलला नाही, दुसरं सांगतं की सोयाबीनचा हलला नाही. पण गोल दोनच आणि माणसं तेवढीच. एक हलला नाही म्हणजे दुसराही हलला नाहीच. दुसरं समीकरण नवीन काही सांगत नाही, म्हणून ते पहिल्यात विरतं. तू चुकलेली नाहीस. एक समीकरण खोडायचं आणि त्याच्या जागी प + स = २०० लिहायचं, किंवा संभाव्यतेत काम करत असशील तर बेरीज १. तीन गोल असतील तर तीनपैकी कुठलंही एक खोडायचं. दहावीत दोन चलांतली रेषीय समीकरणं सोडवलीस, त्याहून जास्त यात काही नाही.

एक सावधगिरी मात्र ठेव. तीन किंवा जास्त गोल असले की "या बाणावरून जेवढे गेले तेवढे उलट्या बाणावरून आले" हे खरं असेलच असं नाही. माणसं गोल फिरून दुसऱ्याच वाटेने परत येऊ शकतात. तिथे प्रत्येक *गोलाचा* जमाखर्च मांडायचा, एकेका बाणाचा नाही.

दोन गोलांचं गुणोत्तर उलट्या बाणांवरून थेट निघतं, ही युक्ती मार्कोव्ह यांच्या स्वतःच्या आकड्यांवर तपासून बघ, मला ते फार आवडतं. आंद्रेई मार्कोव्ह हे पीटर्सबर्गचे रशियन गणिती, जन्म १८५६, मृत्यू १९२२. त्या काळी पावेल नेक्रासोव्ह नावाचे दुसरे गणिती म्हणत की मोठ्या संख्यांचा नियम (प्रयोग वाढत गेले की सरासरी अपेक्षित आकड्याजवळ येते) लागू पडायला घटना एकमेकींपासून स्वतंत्र असाव्याच लागतात. मार्कोव्ह यांनी १९०६ मध्ये दाखवलं की एकीवर दुसरी अवलंबून असलेल्या घटनांच्या साखळीतही तो नियम टिकू शकतो. मग १९१३ मध्ये त्यांनी पुश्किन यांच्या ‘येवगेनी अनेगिन’ या काव्यातली सलग २०,००० अक्षरं हाताने मोजली आणि स्वर व व्यंजन असे दोनच गोल केले. स्वर निघाले ८,६३८. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची संभाव्यता ०.१२८, आणि व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३. आपली युक्ती लाव. स्वरातून बाहेर जाणारा बाण १ − ०.१२८ = ०.८७२, व्यंजनातून स्वराकडे येणारा ०.६६३. स्वरांचा वाटा ०.६६३ भागिले (०.६६३ + ०.८७२), म्हणजे ०.४३२. आता ८,६३८ भागिले २०,००० कर. ०.४३२. संगणक नव्हता, कॅल्क्युलेटर नव्हता. एका माणसाने कविता घेऊन बोटाने अक्षरं मोजली आणि आज आपण दारव्ह्यात आणि वरुडात बसून त्यांचा हिशेब पडताळू शकतो.

पुन्हा आपल्या २०० शेतकऱ्यांकडे येऊ. मला तुला एक आकडा दाखवायचाय, जो क्वचितच कोणी शाळेत दाखवतं. पऱ्हाटीचे आकडे वर्षावर्षाने १४०, १२२, ११६.६, ११४.९८ असे गेले. स्थिर आकडा ११४.२९. प्रत्येक वर्षी आपण त्याच्यापासून किती दूर आहोत ते लिही: २५.७१, ७.७१, २.३१, ०.६९. प्रत्येक आकडा आधीच्याच्या ०.३ पट आहे. हे ०.३ आलं कुठून? म चा डिटर्मिनंट काढ: ०.७ × ०.६ − ०.४ × ०.३ = ०.३. दोन गोल असतील तर तो नेहमी दोन्ही वळशांची बेरीज वजा १ इतकाच येतो.

मी मुलांना सांगते, डिटर्मिनंट म्हणजे गावाला कालची किती आठवण उरली आहे त्याचं माप. ०.३ म्हणजे दरवर्षी ३० टक्केच आठवण उरते, म्हणून गाव पटकन स्थिर होतं. वळसे ०.९५ आणि ०.९ असते, म्हणजे माणसं पीक सहसा बदलतच नसती, तर डिटर्मिनंट ०.८५ आला असता आणि स्थिर व्हायला बरीच वर्षं लागली असती. आता वळसे ०.७ आणि ०.३ घे. डिटर्मिनंट शून्य. मॅट्रिक्सचे दोन्ही कॉलम सारखेच झाले, म्हणजे यंदा काय लावलं याने पुढच्या वर्षी काहीच फरक पडत नाही. एका वर्षात आठवण पुसली. आणि बारावीत तू शिकलीस की डिटर्मिनंट शून्य असला तर इन्व्हर्स नसतो. इथे त्याचा अर्थ कळतो: आठवणच राहिली नाही, तर मागे जाणार कसं?

इन्व्हर्सचं गणित परीक्षेत असं येतं: यंदा १२२ आणि ७८ आहेत, तर मागच्या वर्षी किती होते? म चा इन्व्हर्स घेतला की मागच्या वर्षीची पऱ्हाटी (०.६ × १२२ − ०.४ × ७८) ÷ ०.३ = ४२ ÷ ०.३ = १४०. बरोबर आलं. पण हाच प्रश्न "यंदा १५० आणि ५०" असा विचारला तर? (९० − २०) ÷ ०.३ = २३३.३. गावात माणसंच २००. मुलं इथे घाबरतात आणि गुणाकार पुन्हा तपासत बसतात. गुणाकार बरोबर आहे. सगळे २०० जण पऱ्हाटीवाले असते, तरी पुढच्या वर्षी जास्तीत जास्त १४० उरतात. सगळेच सोयाबीनवाले असते तरी ८० पऱ्हाटीकडे येतात. म्हणजे या मॅट्रिक्समधून गेलेल्या गावात पऱ्हाटी ८० ते १४० यांच्या बाहेर जाऊच शकत नाही. १५० आले असतील तर त्या वर्षी माणसं या बाणांनी चाललीच नाहीत. उत्तरपत्रिकेत हेच लिहायचं, आकडे दाखवून.

डिटर्मिनंट ऋण आला तर स्थिती एकदा स्थिर आकड्याच्या वर आणि एकदा खाली अशी झुलत जवळ येते. आणि −१ आला तर जवळ येतच नाही. गावात सगळ्यांनी ठरवलं की काटेकोर फेरपालट करायची, एक वर्ष पऱ्हाटी, एक वर्ष सोयाबीन. वळसे दोन्ही शून्य, बाण दोन्ही १. समीकरण सोडवलं तर १०० आणि १०० मिळतं. पण १४० आणि ६० पासून निघालेलं गाव पुढच्या वर्षी ६० आणि १४०, मग पुन्हा १४० आणि ६०, असंच कायम राहील. म्हणून स्थिर स्थितीचं समीकरण सुटलं याचा अर्थ साखळी तिथे पोचते असा घेऊ नको. पोचते याची खात्री हवी असेल तर म चा एखादा घात असा दाखव ज्यात एकही घर शून्य नाही. आपल्या पहिल्या मॅट्रिक्समध्ये तर पहिल्याच घातात एकही शून्य नाही, म्हणून तिथे चिंता नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी एक अट आहे, ती लोक वाचून पुढे जातात: पुढची पायरी फक्त आजच्या स्थितीवर अवलंबून असावी, आणि बाणांवरचे आकडे दरवर्षी तेच राहावेत. आपल्या भागात ही अट किती नाजूक आहे, हे तुला मी सांगायला नको. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात कपाशीची बोंडं पोखरली. त्यानंतर पऱ्हाटीवाला पुढच्या वर्षी काय लावेल याचा आकडा आदल्या वर्षीचाच धरणं चुकीचं ठरलं असतं. माझ्या सासऱ्यांना पारावर कोणी विचारलं, "यंदा काय पेरता?" तर ते म्हणत, "दोन साल पऱ्हाटीनं मारलं, आता नाही लावत बाप्पा." या वाक्यात दोन वर्षांची आठवण आहे. आपला दोन गोलांचा कागद त्याला पुरत नाही.

तरी वाट आहे. गोल मोठे कर. स्थिती म्हणजे "यंदाचं पीक" न म्हणता "मागचं आणि यंदाचं" अशी जोडी घे: पऱ्हाटी-पऱ्हाटी, पऱ्हाटी-सोयाबीन, सोयाबीन-पऱ्हाटी, सोयाबीन-सोयाबीन. चार गोल झाले. पऱ्हाटी-सोयाबीनमधून पुढच्या वर्षी फक्त सोयाबीन-पऱ्हाटी किंवा सोयाबीन-सोयाबीन इथेच जाता येतं, कारण यंदाचं पीक पुढच्या जोडीत "मागचं" होतं. त्यामुळे १६ घरांपैकी ८ शून्यच राहतात. आठवण बाणांतून काढून गोलात घातली आणि मार्कोव्हची अट पुन्हा पाळली गेली. परीक्षेत "मागील दोन दिवसांच्या हवामानावर अवलंबून" असं दिसलं की हेच करायचं.

शेवटी एक असा प्रकार, ज्यात गोलात गेलं की बाहेरची वाटच नसते. वरुड-मोर्शीचा भाग संत्र्याचा, आमच्या घरची बाग आहे, म्हणून झाडाचंच उदाहरण घेते. संत्र्याला डिंक्या होतो, बुंध्यातून डिंक गळायला लागतो. गोल तीन: निरोगी, डिंक्या, वाळलेलं. आकडे पुन्हा सरावापुरते. निरोगी झाड वर्षभरात ०.९ ने निरोगीच राहतं, ०.१ ने डिंक्यात जातं. डिंक्या झालेलं झाड खरवडून बोर्डो मलम लावलं तर ०.३ ने निरोगी होतं, ०.५ ने तसंच राहतं, ०.२ ने वाळतं. वाळलेलं वाळलेलंच, वळसा १. इथे स्थिर स्थिती काढशील तर ०, ०, १ येईल: शेवटी सगळी झाडं वाळलेली. उत्तर चुकलं असं वाटून मुलं खोडतात. खोडू नको, ते बरोबर आहे, फक्त उपयोगाचं नाही. उपयोगाचा प्रश्न असा की झाड वाळायला सरासरी किती वर्षं लागतील.

त्यासाठी मॅट्रिक्सचे घात करत बसू नको. निरोगी झाडाची अपेक्षित वर्षं *न* धर, डिंक्या झालेल्याची *ड*. एक वर्ष तर जातंच, मग झाड जिथे पोचेल तिथली उरलेली वर्षं:

न = १ + ०.९ न + ०.१ ड
ड = १ + ०.३ न + ०.५ ड

पहिल्यातून न = १० + ड. दुसऱ्यातून ड = २ + ०.६ न. सोडव: न = ३०, ड = २०. वाळलेल्या झाडाची उरलेली वर्षं शून्य, म्हणून ०.२ चा बाण समीकरणात दिसत नाही, पण तो आहे.

आता मलम लावलंच नाही असं समज. डिंक्यातून निरोगी ०.१, तसंच राहणं ०.७, वाळणं ०.२ च. समीकरणं पुन्हा सोडव. न २० वर येतो, ड १० वर. वाळण्याचा बाण आपण हलवलाच नाही, तरी निरोगी झाडाचं सरासरी आयुष्य १० वर्षांनी घटलं, कारण परतीची वाट अरुंद झाली. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, एवढ्या मलमाचा हिशेब मला या दोन समीकरणांनी जितका स्पष्ट दाखवला तितका आणखी कशानेच नाही.

तू आता हे कर. मलम लावतोय असंच धर, आणि वर दुहेरी आळं करून पाणी बुंध्याला लागू दिलं नाही, म्हणून डिंक्या होण्याचा बाण ०.१ वरून ०.०५ झाला. आधी गोल आणि बाण काढ, मग दोन समीकरणं लिही. न ५५ आणि ड ३५ यायला हवेत. नाही आले तर बाणांच्या चित्रासकट पान पाठव, नुसता गुणाकार नको.